रबर की पॉलियुरेथेन? ऑफ-रोड गाडीचे सस्पेन्शन बुश सांध्यागणिक कसे निवडावेत

सस्पेन्शनचे बुश, म्हणजे चाकांना चासीशी जोडणाऱ्या सांध्यांत बसणारे लवचीक भाग, बदलायची वेळ आली की गॅरेजमध्ये, स्पेअर पार्टच्या दुकानात आणि मित्रमंडळीत एकच प्रश्न निघतो: गाडीला कंपनीचे रबरी बुश घालावेत की पॉलियुरेथेनचे? मी अकरा वर्षे जिप्सी वापरली आणि २०२३ पासून पाच दारांची जिम्नी वापरतो आहे. दोन्ही गाड्यांना दोन्ही प्रकारचे बुश घालून आणि त्यांतले काही वर्षभरातच पुन्हा काढून मला एवढे नक्की कळले आहे की हा प्रश्न संपूर्ण गाडीबद्दल विचारला की उत्तर चुकते. गाडीखाली डझन-दीड डझन सांधे असतात, त्यांतला प्रत्येक सांधा वेगळ्या तऱ्हेने हलतो, आणि म्हणून निर्णयही एकेका सांध्याचा वेगळा घ्यावा लागतो. ज्यांची ही पहिलीच खेप आहे त्यांना माझ्याइतका खर्च आणि मनस्ताप होऊ नये, म्हणून ही सारी प्रक्रिया मी क्रमाने लिहीत आहे.

१. रबर पिळते, पॉली फिरते: हा फरक आधी समजून घ्या

कंपनीचा रबरी बुश म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्या मधोमध दोन्हींना पक्के चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेली असते आणि बाहेरची नळी आर्मच्या (ॲक्सलला किंवा चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, प्रेसने बसवलेली असते. चाक वर-खाली होताना यांतली कोणतीही नळी घसरत नाही. मधले रबर ओल्या पंचासारखे पिळले जाते आणि मूळ जागी परत येते. घासणारा पृष्ठभागच नसल्यामुळे या बुशला ग्रीस लागत नाही आणि चिखल-पाणी आत शिरायला वाट राहत नाही. शिवाय हेच रबर थोडे तिरके होते, थोडे दबते, आणि चाक दगडावर आदळले की तो दणका चासीपर्यंत जाण्याआधी स्वतःवर घेते.

पॉलियुरेथेनच्या बुशची रचना मुळातच वेगळी आहे. तो बहुधा दोन अर्ध्या भागांत येतो, हे भाग डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी आत ढकलायचे असतात आणि मध्ये धातूची नळी घालायची असते. येथे पॉली त्या नळीभोवती प्रत्यक्ष फिरते, म्हणजे हा बुश बेअरिंगचे काम करतो. ग्रीस असेपर्यंत तो एका अक्षावर अतिशय मोकळा फिरतो, पण तिरके व्हायला किंवा दबायला फारसा तयार नसतो. शोअर ए या मोजमापात रबरी बुशची कठीणता साधारण ५० ते ७० असते, तर पॉली बुश ७० पासून ९५ पर्यंत मिळतात. पॉलीच्या लाल, पिवळ्या किंवा निळ्या रंगावरून मात्र कठीणता ठरवू नका, कारण प्रत्येक उत्पादकाचा रंगांचा संकेत आपापला असतो.

दुकानात दोन्ही बुश हातात घेऊन आतल्या नळीत एक लांब बोल्ट घाला आणि तो बाजूला कलवून पाहा. रबरी बुशमधला बोल्ट कलतो आणि सोडताच सरळ होतो. पॉलीमधला जवळजवळ जागचा हलत नाही. पुढचा सगळा विचार या एका कृतीवर उभा आहे.

२. दोष बुशचाच आहे याची खात्री करा

ब्रेक दाबताना किंवा क्लच सोडताना खालून येणारा एकच ‘टक’ असा आवाज, ॲक्सिलरेटर सोडला की गाडीने किंचित बाजूला जाणे, आणि खड्ड्यातून जाताना मागचा भाग क्षणभर उशिराने मागे येतोय असे वाटणे, ही बुश गेल्याची सामान्य लक्षणे आहेत. रबराच्या वरच्या थरावर बारीक भेगा दिसल्या म्हणजे बुश गेला असे नाही. त्या भेगा खोल जाऊन रबर नळीपासून सुटले असेल, किंवा आतली नळी मधोमध न राहता एका कडेला बसली असेल, तरच तो बदलावा. टॉमी (उचकटायची लोखंडी पहार) ब्रॅकेट आणि आर्मच्या मध्ये घालून हलके उचकटले की सुटलेले रबर उघडे पडते. लॅटरल रॉडची (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) तपासणी करताना गाडी चारही चाकांवर उभी ठेवून एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि आपण रॉडच्या दोन्ही टोकांकडे पाहा. बोल्ट आणि डोळा वेगवेगळे हलताना दिसले तर शंकाच उरत नाही.

ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात स्टिअरिंग जोराने थरथरू लागले, तर रिजिड ॲक्सलच्या (डावे-उजवे चाक एकाच सलग ॲक्सलने जोडलेल्या) गाड्यांमध्ये पहिला संशय बुशवर घेतला जातो. मी जिप्सीच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सगळे बुश याच समजुतीने बदलले होते आणि थरथर होती तशीच राहिली. दोष किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटावर वळते त्याच्या, बेअरिंगमध्ये निघाला. म्हणून आधी टायर, बॅलन्सिंग, टाय रॉड एंड आणि किंगपिन तपासा, आणि मगच बुशवर खर्च करा.

३. गाडी वर्षभर कुठे चालते ते प्रामाणिकपणे लिहून काढा

जून ते सप्टेंबर ज्यांची गाडी ताम्हिणी, वरंध किंवा कोकणातल्या ओढ्यांतून जाते, त्यांच्या पॉली बुशमधले ग्रीस पाण्याबरोबर निघून जाते आणि त्या जागी लाल माती बसते. ताडोब्याच्या बाजूला सफारीसाठी चालणाऱ्या जिप्सींना पाण्याऐवजी धुळीचा त्रास असतो, पण परिणाम तोच. मी पहिल्या वेळी पॉली बुशना साधे चासी ग्रीस लावले होते. पावसाळा संपल्यावर दर खड्ड्याला जुन्या पलंगासारखी कुरकुर सुरू झाली, म्हणून एक शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारा हलता दुवा) उघडले. आतले ग्रीस आणि जांभ्याची माती मिळून तपकिरी, खरखरीत लेप तयार झाला होता आणि त्याने आतल्या नळीवर नखाला लागतील असे चरे पाडले होते. बोटावर घेतलेला तो लेप चिमटीत चोळला तेव्हा पॉलिश पेपरसारखा लागला.

याच्या उलट, ज्या जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समधून किंवा डिझेलच्या नळ्यांमधून गळती होते, तेथे नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते आणि पॉली बराच काळ टिकते. येथे एक वाईट सवय सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला डिझेल आणि जळके ऑइल फवारण्याची पद्धत अनेक सर्व्हिसिंग सेंटरांमध्ये आहे. पाट्यांना त्याचा लाभ होत असेल, पण रबरी बुशचे आयुष्य त्याने निश्चित कमी होते. रबरी बुश ठेवायचे असतील तर ही फवारणी ठामपणे नाकारा.

४. एकेका सांध्याचा निर्णय घ्या

येथे घाई करू नका. गाडीखाली झोपून प्रत्येक सांध्यापाशी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा सांधा फक्त एका अक्षावर फिरतो, की त्याला तिरकेही व्हावे लागते?

जिम्नीसारख्या गाडीत पुढे आणि मागे रिजिड ॲक्सल असतो. प्रत्येक ॲक्सल दोन लांब आर्म आणि एका आडव्या लॅटरल रॉडने चासीला धरलेला असतो. प्रत्येक आर्मला चासीकडे एक आणि ॲक्सलकडे दोन बुश असतात, म्हणजे चार आर्मचे बारा आणि दोन लॅटरल रॉडचे चार, असे एकूण सोळा बुश होतात. आता एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरले असे समजा. डावा आर्म वर गेला, उजवा खाली गेला. प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बोल्टांनी बांधलेला असल्यामुळे डावा आर्म ॲक्सलला एका दिशेने फिरवू पाहतो आणि उजवा त्याच्या विरुद्ध दिशेने. ॲक्सलची नळी लोखंडी आहे, ती पिळली जात नाही. मग ही ओढाताण जिरते कुठे? ती जिरते फक्त त्या बुशच्या रबरात. रबर दबले आणि तिरके झाले तरच ॲक्सल तिरका होतो, आणि ॲक्सल तिरका झाला तरच चारही चाके जमिनीला टेकतात.

मी जिम्नीच्या पुढच्या दोन्ही आर्मना सगळीकडे कठीण पॉली घातली होती. डांबरी रस्त्यावर गाडी इतकी नेमकी वळू लागली की पहिले दोन आठवडे मी अतिशय समाधानात होतो. नंतर घरामागच्या मोकळ्या जागेत पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या एकावर एक ठेवून पुढचे एक चाक चढवत गेलो, तेव्हा पूर्वीपेक्षा दोन फळ्या आधीच दुसरे चाक हलके पडू लागले. न जिरलेला ताण जातो तो ॲक्सलवरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर आणि आर्मच्या बोल्टांवर, आणि बुशपेक्षा ब्रॅकेट दुरुस्त करणे किती महाग पडते हे वेगळे सांगायला नको. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अशा आर्मच्या ॲक्सलकडच्या आणि चासीकडच्या, दोन्ही टोकांना मूळ रबरच असावे.

लॅटरल रॉडचे तसे नाही. त्याची हालचाल मुख्यतः एका अक्षावरची असते आणि तो सैल पडला की ॲक्सल बाजूला सरकून स्टिअरिंग भरकटते. तेथे मध्यम कठीणतेची पॉली शोभते आणि तिचा फरक पहिल्याच घाटात जाणवतो. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) बुशनाही पॉली खुशाल घाला.

पाट्यांच्या गाड्यांत, म्हणजे जिप्सी किंवा जुन्या महिंद्रा जीपमध्ये, प्रत्येक पाट्याला तीन सांधे असतात: चासीला बांधलेला स्थिर डोळा, शॅकलचा खालचा सांधा आणि शॅकलचा वरचा सांधा. पाटा स्वतः थोडा पिळला जाऊ शकतो, त्यामुळे येथे पॉलीने आर्मइतके नुकसान होत नाही. शॅकलला पॉली आणि स्थिर डोळ्याला रबर, अशी जोडणी मी जिप्सीवर शेवटची पाच वर्षे ठेवली आणि ती मला मानवली. मात्र ग्रीस देण्यासाठी निपल असलेले शॅकल बोल्ट मिळत असतील तर तेच घ्या, नाहीतर दर पावसाळ्यानंतर शॅकल उघडण्याची तयारी ठेवा.

२०२० नंतरच्या थारमध्ये पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक स्वतंत्र आर्म) आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचा मल्टिलिंक रिजिड ॲक्सल आहे. पुढचे विशबोन ठरलेल्या अक्षावरच वर-खाली होतात, म्हणून तेथे पॉली यांत्रिकदृष्ट्या चालते, फक्त खड्ड्यांचा दणका केबिनमध्ये अधिक येईल हे मान्य करून ती घालावी. मागच्या लिंकना रबरच ठेवा, कारण त्यांनाही ॲक्सलबरोबर तिरके व्हावे लागते. शॉक ॲब्सॉर्बरच्या डोळ्यांबाबतही तेच. बॉडी माउंट (बॉडी आणि चासीमधले बुश) मात्र कठीण करण्याच्या फंदात पडू नका. सगळी घरघर थेट आसनापर्यंत येते.

ज्यांनी गाडी उंच केली आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना. साधारण ५० मिलिमीटर लिफ्ट केली की आर्म खाली झुकतात, ॲक्सल पुढच्या बाजूला फिरतो आणि कॅस्टर (बाजूने पाहिले असता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. यावर मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे पॉली बुश विकले जातात. कॅस्टर त्यांनी सुधारतो, पण वर सांगितलेला कठीणपणाचा तोटा तसाच राहतो, आणि ते उलटे बसले तर कॅस्टर आणखी बिघडतो. कॅस्टर सुधारून बनवलेले आर्म घेऊन त्यांत रबरी बुश ठेवणे महाग असले तरी अधिक चांगले.

५. खरेदीपूर्वी जवळ ठेवायची कागदपत्रे आणि दुकानातली तपासणी

दुकानात जाताना आरसी, चासी नंबर, मॉडेलचे वर्ष, वर्कशॉप मॅन्युअलमधले पार्ट नंबर आणि, गाडी वॉरंटीत असेल तर, वॉरंटी पुस्तिका सोबत ठेवा. बाहेरचे बुश घातल्याने वॉरंटीवर काय परिणाम होईल हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. नोंदणीच्या तपशिलात बुश कशाचा आहे हे लिहिलेले नसते, पण त्याच कामात गाडी उंच करण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचे, गाडीत बदल करण्याविषयीचे, कलम ५२ आधी समजून घ्या.

रबरी बुश घेताना सीलबंद पाकीट, छापील पार्ट नंबर आणि पक्के बिल यांचा आग्रह धरा. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला एकाच बुशच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या भावांत समोर ठेवल्या जातात. त्यांतली अगदी स्वस्त प्रत हातात घेऊन रबर आणि नळीच्या जोडावर अंगठ्याचे नख फिरवा. कड सुटत असेल तर ती परत करा.

पॉली घेताना तीन गोष्टी विचारा. पहिली, शोअर कठीणता किती. दुसरी, ती पॉलिइथर जातीची आहे की पॉलिएस्टर जातीची, कारण पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन ओलाव्याने हळूहळू खराब होते आणि आपल्या पावसात पॉलिइथर अधिक टिकते. तिसरी, सोबत ग्रीस मिळते का. ही उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत त्याच्याकडून माल घेऊ नका. शेवटी व्हर्नियरने मोजा: आतली नळी दोन्ही पॉली भागांच्या एकत्रित रुंदीपेक्षा किंचित लांब असायला हवी. ती आखूड असेल तर बोल्ट नळीऐवजी पॉलीलाच आवळतो, सांधा जाम होतो आणि कुरकुर पहिल्या दिवसापासून सुरू होते.

६. साधने

मजबूत जॅक, दोन किंवा चार स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, सॉकेट आणि रिंग पाने, टॉर्क रेंच, टॉमी, वायर ब्रश, गंज सोडवणारे तेल, हॅकसॉ, रंगाचा मार्कर आणि पॉलीसाठी सिलिकॉनचे ग्रीस. हायड्रॉलिक प्रेस घरी असण्याची गरज नाही. आर्म काढून लेथच्या वर्कशॉपमध्ये नेले की काम होते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

७. जुने काढणे आणि नवे बसवणे

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारे तेल द्या. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत बोल्ट आतल्या नळीलाच गंजून चिकटलेला असतो, आणि तो जोर करून फिरवला की जुना बुश फाटतो किंवा बोल्ट तुटतो. म्हणून नवे बोल्ट आणि नट आधीच आणून ठेवा. एका वेळी एकच आर्म काढा, म्हणजे ॲक्सल जागचा सरकत नाही. काढण्यापूर्वी आर्मची पुढची-मागची बाजू आणि बुशमधल्या पोकळीची दिशा मार्करने दाखवून ठेवा. काही रबरी बुशांत मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि ती नव्वद अंशांनी चुकली तर बुशचा स्वभावच बदलतो.

जुना बुश गॅसच्या ज्योतीने जाळून काढण्याचा आग्रह मिस्त्री धरतात. त्याला नकार द्या. रबराचा धूर घातक असतो आणि पॉलियुरेथेनचा धूर त्याहून विषारी. प्रेस मारताना दाब नेहमी बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यावा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नव्हे. पॉलीसाठी जुनी बाहेरची नळी ठेवायची की काढायची हे किटच्या पत्रकात पाहा; काढायची असल्यास हॅकसॉने एक छेद देऊन ती आत मुडपावी, पण आर्मच्या डोळ्याला पाते लागू देऊ नये.

८. बोल्ट कधी आवळायचा

रबरी बुश ‘लवकर जातात’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच एक चूक असते. गाडी दोन खांबी लिफ्टवर, चाके खाली लोंबकळत असताना मिस्त्री बोल्ट पूर्ण आवळतो, कारण त्या स्थितीत हात सहज पोहोचतो. आतली नळी त्या लोंबकळत्या स्थितीत पक्की होते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. त्यात चाक उंचवट्यावर चढले की त्या पिळात आणखी भर पडते. माझ्या जिम्नीचे मागचे दोन मूळ जातीचे नवे बुश असेच सात महिन्यांत फाटले. उघडून पाहिले तर चीर गोलाकार न जाता दोन्हींत एकाच बाजूला, चंद्रकोरीसारखी गेली होती. रबराचा दर्जा उत्तम होता, आवळण्याची वेळ चुकली होती.

योग्य पद्धत अशी: सगळे बोल्ट आधी हाताने, नट फक्त टेकेपर्यंत लावा. चाके चढवून गाडी सपाट जमिनीवर उतरवा, बंपरवर भार देऊन ती चार-पाच वेळा दाबा आणि मागे-पुढे थोडी ढकला. नंतर गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने प्रत्येक बोल्ट आवळा. तुम्ही गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर या क्षणी तिथे स्वतः उभे राहा. पॉली नळीभोवती फिरत असल्याने तिला ही अट इतकी कडक लागू होत नाही, पण दोन्ही प्रकार मिसळलेल्या गाडीत सगळेच बोल्ट याच रीतीने आवळणे सोयीचे पडते.

९. पहिले पाचशे किलोमीटर

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. रिजिड ॲक्सलच्या गाडीत बहुधा फक्त टो (वरून पाहिले असता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवता येतो, तरी कॅस्टरचे आकडे छापून घ्या आणि जपून ठेवा. आवळलेल्या प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या मार्करची एक सरळ रेघ ओढा. पाचशे किलोमीटर झाल्यावर, आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यानंतर, टॉर्च घेऊन खाली वाका. रेघ जिथे तुटलेली दिसेल तो नट फिरला आहे. गाडी चाकांवर उभी ठेवूनच तो पुन्हा टॉर्कला आणा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा.